नातवाचे वाचनालय

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक खटला उभा राहिला. फिर्यादी आमचा नातू, वय वर्षे चौदा; आरोपी त्याचे खेळांचे यंत्र; आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर, घरात दुसरे कोणी रिकामे नसल्यामुळे, मी.

फिर्याद अगदी साधी होती. "आजोबा, या स्विचमध्ये आता काही उरलं नाही. सगळं तेच तेच आहे. हे विकू या आणि वर पैसे घालून नवं घेऊ या." नवे म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात बाजारात आलेले 'स्विच टू'. चिरंजीवांनी 'मला यात ओढू नका' म्हणून वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. सूनबाईंनी घटक चाचणीचे गुण काय पडले, असा भलताच प्रश्न विचारला. तेव्हा पोराने माझ्याकडे दाद मागितली. त्यात त्याची चूक नव्हती. त्याने केलेली तक्रार मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकली आहे, की तिचा निवाडा करण्याचा अधिकार या घरात कोणाला असेल तर तो मलाच आहे.

कारण १९७४ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे तब्बल अडतीस वर्षे, मी ठाण्यात एक वाचनालय चालवीत होतो. दहा बाय बाराचा गाळा, तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, एक शिडी, एक टेबल आणि टेबलामागे मी. महिन्याची वर्गणी, पन्नास रुपये अनामत, आणि रोज एक पुस्तक बदलून. संध्याकाळी सहानंतर गर्दी व्हायची आणि त्या गर्दीतून रोज एक तरी आवाज यायचाच : "तुमच्याकडे हल्ली नवीन काही येतच नाही हो!" हे म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा त्याने तिसऱ्यांदा नेलेली रहस्यकथा असायची.

तर मी नातवाला म्हणालो, "पुरावा पाहिल्याशिवाय निकाल देणार नाही. आठ दिवस यंत्र माझ्या ताब्यात दे." चाचणी जवळ आली होती, त्यामुळे सूनबाईंनी हा हुकूम तत्काळ अमलात आणला.

हे यंत्र आमच्याकडे २०१९ च्या दिवाळीत आले. चिरंजीव कामासाठी सिंगापूरला जाऊन येऊन असत, त्यांनी ते आणले. जपानातल्या क्योटो शहरच्या निन्टेंडो कंपनीने ते ३ मार्च २०१७ रोजी विक्रीस काढले, आणि आजवर ते जगात १५ कोटींहून अधिक खपले आहे. आकार पाटीएवढाही नाही. टीव्हीला जोडून खेळा, नाहीतर हातात घेऊन गच्चीवर जा. दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात, एक तुम्हाला, एक शेजाऱ्याला. खेळ मिळतात ते टपालाच्या तिकिटापेक्षा थोड्या जाड अशा कार्डांवर. त्यांच्या संग्रहाला या दुनियेत चक्क 'लायब्ररी' म्हणतात, हे ऐकून मी सरसावून बसलो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. वाचनालय चालवणाऱ्याला बोट ओले करून पाने उलटण्याची आणि हात मोकळा नसला की चिठ्ठी ओठांत धरण्याची खोड असते. मी एक कार्ड तसेच ओठांत धरले, आणि पुढची दहा मिनिटे मोरीत चुळा भरीत होतो. कडुनिंब परवडला! लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्या कार्डांवर डेनॅटोनियम बेंझोएट नावाचे अत्यंत कडू द्रव्य मुद्दाम लावलेले असते, असे नातवाने नंतर, पोट धरून हसून झाल्यावर, सांगितले. अशी सोय माझ्या पुस्तकांना असती तर किती कोपरे वाचले असते!

असो. मी आधी फिर्यादीची बाजू तपासली, आणि ती मला वाटले होते त्यापेक्षा बळकट निघाली. नातवाचा सर्वांत लाडका खेळ 'मारिओ कार्ट ८'. गाड्यांची शर्यत, एकमेकांच्या वाटेत केळ्याच्या साली टाकायच्या. हा मूळचा २०१४ सालचा. कंपनीच्या आधीच्या 'वी यू' यंत्रासाठी तो केला होता. ते यंत्र काही चालले नाही, म्हणून २०१७ मध्ये थोडी भर घालून, नवे वेष्टन चढवून हाच खेळ पुन्हा आणला. आणि गंमत पाहा, या यंत्रावर सर्वांत जास्त खपलेला खेळ हाच, ६ कोटींहून अधिक प्रतींचा! मारिओचा आणखी एक उड्यांचा खेळ २०१२ चा, तो २०१९ मध्ये असाच परत आला. फुटबॉलच्या एका प्रसिद्ध खेळाने तर कमाल केली. २०१९ ते २०२२ अशी सलग चार वर्षे या यंत्रासाठी त्याची नवी आवृत्ती निघाली, आणि प्रत्येकीत खेळाडूंची नावे आणि अंगरखे तेवढे बदललेले, आत खेळ जुनाच. आमच्या वेळी शाळेच्या गाइडवर 'सुधारित आवृत्ती' छापून येई, त्यातलाच प्रकार. याखेरीज यंत्रावरच पैसे भरून उतरवून घेण्याचे जे दुकान आहे, तिथे खेळांची संख्या काही हजारांत आहे, पण चाळत बसलो तर एकाच साच्यातून काढलेल्या बत्ताशांसारखे शेकडो. संख्येला मी भुलत नाही. माझ्याकडे पाच हजार पुस्तके होती आणि त्यांतली दीड हजार एकमेकांची जुळी भावंडे होती.

मात्र 'तेच ते' हा शब्द उच्चारला की गुन्हा शाबीत झाला, असे मी मानीत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड प्रत्येकीत नवे कोठून असणार? लोक त्यांना भेटायला येत, नवे काही शिकायला नव्हे. मारिओ हा त्या जातीचा गृहस्थ आहे. १९८१ पासून उड्या मारतो आहे, मारू दे.

मग बचावाची बाजू घेतली, आणि इथे मात्र माझे आठ दिवस कसे गेले ते कळले नाही.

माळ्यावर एक मोठे खोके होते. त्यात काय निघावे? पुठ्ठा! 'लॅबो' नावाचा हा संच २०१८ सालचा. खुणा केलेला पुठ्ठा दुमडून, खाचांत खाचा बसवून आपणच पियानो करायचा, मासे धरायची गळकाठी करायची, छोटे घर करायचे. मग यंत्राची एक मूठ त्यात बसवायची. त्या मुठीच्या टोकाला एक इवलासा कॅमेरा आहे. पियानोची पट्टी दाबली की पट्टीमागची चकचकीत चिकटपट्टी वर येते, कॅमेऱ्याला ती दिसते आणि नेमका तो सूर वाजतो. तेरा पट्ट्या! जन्मभर घरी आकाशकंदील केलेल्या माणसाला पुठ्ठ्याचे काय भय? मी एका दुपारी पियानो उभा केला आणि त्यावर 'सा रे ग म' वाजवले. या कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. १९८९ चा 'गेम बॉय' त्यांचाच. त्यांचे म्हणणे असे, की जुने झालेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा आडवळणाने नवा उपयोग शोधावा. पुठ्ठ्याच्या पियानोत मला ते वाक्य ऐकू आले. पण या मालिकेतला शेवटचा संच आला २०१९ च्या एप्रिलमध्ये. पुढे सगळे बंद. आमच्या घरातले खोके तरी कुठे उघडले गेले होते?

बाकीचे भराभर सांगतो. एका खेळात टीव्हीकडे बघायचेच नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे आणि मूठ हलवून गाईची धार काढायची. दुसऱ्यात एक कडे हातात दाबत, मांडीला पट्टा बांधून, बैठका मारीत राक्षसाशी लढायचे. मी तीन बैठका मारल्या आणि राक्षसाला विजय बहाल केला. तिसऱ्यात आपण एका बेटावर राहायला जातो आणि टॉम नुक नावाचा प्राणी आपल्याला घर बांधायला कर्ज देतो, त्यावर व्याज नाही आणि मुदतही नाही. असा सावकार माझ्या गाळ्याच्या शेजारी असता तर!

'राजी' हा खेळ मात्र थांबून पाहिला. तो पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींचा. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीने पैसा उभा करण्याचा यत्न केला, तो साधला नाही. तरी नेट धरून खेळ पुरा केला आणि १८ ऑगस्ट २०२० ला तो सर्वांत आधी याच यंत्रावर आला. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोर, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात, आणि दुर्गामातेचा त्रिशूल घेऊन ती त्याला शोधायला निघते. आमच्या घरी दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी इंग्रजीत बोलले, ते जरा कानाला खटकले. मारामारीही थोड्या वेळाने एकसुरी होते, हे मी आपली मंडळी म्हणून झाकणार नाही. पण राजस्थानी धाटणीचे ते सज्जे, भिंतींवरची ती चित्रे! अशी पोर आणि अशी भिंत दुसऱ्या कुठल्या कार्डावर मला सापडली नाही.

आणि 'झेल्डा'. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' असे त्याचे लांबलचक नाव. यंत्र ज्या दिवशी आले त्याच दिवशी हा खेळही आला. शंभर वर्षे झोपलेला एक तरुण गुहेतून बाहेर येतो आणि समोर अख्खा देश पसरलेला. पुढे काय करायचे? काहीही! दूर जो काळवंडलेला वाडा दिसतो, त्यात शेवटचा शत्रू बसला आहे; सुरुवातीच्या पठारावरून उतरलात की थेट तिकडे गेलात तरी कोणी अडवणार नाही, फक्त मराल. दिसेल तो डोंगर चढता येतो, पण पाऊस लागला की कडा निसरडा होतो. मेघ गडगडू लागले आणि पाठीवर लोखंडी तलवार असली तर वीज तुमच्यावरच पडते. गवत पेटवले की वर गरम हवा उठते आणि कापडाच्या छत्रीने तुम्ही तिच्यावर तरंगू शकता. हे कोणी शिकवीत नाही. त्या जगाला स्वतःचे ऋतू आणि स्वतःचे नियम आहेत, ते आपण मुकाट्याने पाहून शिकायचे. मी एकाच कड्यावरून पावसात चार वेळा घसरलो. पाचव्या वेळी मला अक्कल आली : कपारीत बसून राहिलो, पाऊस थांबू दिला, मग चढलो. रात्रीचा दीड वाजला होता. १९६३ मध्ये आलेली 'कोसला' काही वर्षांनी माझ्या हाती पडली, तेव्हा असाच दीड वाजेपर्यंत जागलो होतो आणि मनात हेच आले होते : अरे, असेही करता येते?

नवव्या दिवशी मी नातवाला समोर बसवले. या यंत्राला एक सवय आहे. कोणता खेळ किती तास खेळलात त्याची नोंद ते आपणहून ठेवते. पुस्तकाच्या शेवटी आम्ही तारखेची चिठ्ठी चिकटवीत असू, तशीच ही चिठ्ठी. मी ती मोठ्याने वाचली. मारिओ कार्ट, चारशे दहा तासांहून अधिक. फुटबॉल, एकशे ऐंशी. झेल्डा, पाच. राजी, पुरता एक तासही नाही. लॅबो, खोकेच बंद.

"म्हणजे तुझ्या लायब्ररीत वैविध्य आहे," मी विजयी स्वरात म्हणालो, "तू दोनच पुस्तकं वाचलीस, आणि वर म्हणतोस नवीन काही नाही!"

वाक्य पुरे झाले आणि माझेच मला बोचले. का, ते सांगायला हवे. घरातही मी हे फारसे कोणाला सांगितलेले नाही.

२००५ च्या सुमाराला माझे सभासद घटू लागले. संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या होत्या. गाळ्याचे भाडे वाढले होते. मी हिशोबी झालो. रोज रात्री फळ्यांवरून फिरून शेवटच्या पानावरच्या चिठ्ठ्या पाहायचो, आणि ज्या पुस्तकावर तीन वर्षांत शिक्का पडला नाही ते बाजूला काढायचो. अशी अकरा पोती मी रद्दीत घातली. जागा मोकळी झाली, तिथे ज्यांवर शिक्के भरभरून पडत होते त्यांच्याच आणखी प्रती आणल्या. मला वाटले, काय चोख कारभार केला!

पुढच्या पावसाळ्यात एक बाई आल्या. सरकारी इस्पितळात परिचारिका होत्या, रात्रपाळीला पुस्तक नेत. बदली होऊन गेल्या होत्या, त्या नऊ वर्षांनी परत ठाण्यात आल्या होत्या. त्यांनी 'रणांगण' मागितले. विश्राम बेडेकरांची ती लहानशी कादंबरी, १९३९ ची. म्हणाल्या, "तुमच्याच प्रतीवर वाचलं होतं, कोपऱ्यात शाई सांडलेली. पुन्हा एकदा वाचायचंय." मी शिडीवर चढलो, उगाच दोन फळ्या चाचपल्या, आणि खाली उतरून 'बाहेर गेलंय' असे सांगितले. ते पोत्यातून गेले होते. त्या दर शनिवारी येऊन विचारीत. चौथ्या शनिवारनंतर आल्या नाहीत. त्यांनी अनामतही परत मागितली नाही. ते पन्नास रुपये अजून माझ्याकडे आहेत.

त्यानंतर सहा वर्षांत चारशेंचे साठ सभासद उरले. मालिकांमुळे, मोबाइलमुळे, हे सगळे खरेच. पण माझ्या फळ्यांवर तोवर सगळ्यांनी वाचलेलीच पुस्तके उरली होती, हेही खरे. ज्याच्यावर शिक्का पडत नाही ते पुस्तक कोणासाठी तरी थांबलेले असते, हे मला त्या शिडीवर उभे असताना कळले. त्याचा उपयोग शून्य.

हे सारे नातवाला सांगितले नाही. मी नुसता गप्प झालो, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्याने वेगळाच अर्थ घेतला. तो म्हणाला, "आजोबा, ते चारशे दहा तास मी एकटा नाही खेळलो." मग हळूहळू सगळे बाहेर आले. खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र २०२३ मध्ये वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेला. तेव्हापासून दर शनिवारी रात्री ही दोघे मारिओ कार्ट खेळत. हा ठाण्यात, तो नागपुरात. केळ्याच्या सालींवरून घसरता घसरता शाळेतल्या गोष्टी, शिव्या, सगळे चाले. जूनमध्ये त्या मित्राला स्विच टू मिळाले. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा नवा खेळ फक्त त्यावरच चालतो. तीन शनिवार तो जुन्या यंत्रावर आला. चौथ्या शनिवारी आला नाही.

"मग हे आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, दुसरा मित्र शोध."

म्हटले असते, नक्कीच म्हटले असते. तेव्हा खटला ज्या कलमाखाली दाखल झाला होता ते कलमच चुकीचे होते. यंत्रातील वैविध्याबद्दल माझे मत विचाराल तर ते अजूनही हेच आहे : कडेच्या फळीवर अपूर्व माल आहे, मधल्या फळीवर जुनीच पुस्तके नव्या वेष्टनात आहेत, आणि कंपनीलाही शिक्के मधल्या फळीवरच पडताना दिसतात, म्हणून ती तिथेच भर घालते; माझ्याहून ती वेगळी वागत नाही. पण पोराला हे मत नको होते. त्याला शनिवार हवा होता. माझ्या गाळ्यातही संध्याकाळी सहानंतर लोक केवळ पुस्तकासाठी येत होते का, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता.

वरची रक्कम मी देतो म्हणालो. मात्र कार्डे विकायची नाहीत, ही माझी अट. त्यावर नातू हसला. जुनी कार्डे, थोडे अपवाद सोडले तर, नव्या यंत्रावरही चालतात. कड्यावर चढलेला माझा तो गडीसुद्धा तिकडे नेता येतो. कपाट बदलायचे आणि पुस्तके ठेवायची! ग्रंथपाल म्हणून एवढ्यापुरता मी त्या क्योटोकरांना नमस्कार केला.

ठरल्याप्रमाणे रविवारी संध्याकाळी पुढच्या गल्लीतला एक मुलगा पैसे घेऊन यंत्र न्यायला आला. यंत्र जागेवर नव्हते. शोधता शोधता ते आतल्या खोलीत सापडले, आमच्या सौभाग्यवतींच्या हातात. माझ्या आठ दिवसांच्या चौकशीत हा पुरावा माझ्या नजरेतून पार सुटला होता. '५१ वर्ल्डवाइड गेम्स' नावाचे एक कार्ड आहे, २०२० सालचे. त्यात जगभरचे एक्कावन्न जुने खेळ भरलेले आहेत. बुद्धिबळ आहे. आपल्या पचिशीवरून बेतून इंग्रजांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेला लुडो आहे. बदाम सात आहे. देवळांच्या पायऱ्यांवर कोरलेला दिसतो तो नवकंकरीचा पट आहे. ही कंपनी १८८९ मध्ये ज्या धंद्यावर उभी राहिली, ते फुलांच्या चित्रांचे अठ्ठेचाळीस पत्तेही आहेत. आणि कॅरम आहे. लग्नाआधी चाळीच्या स्पर्धेत ढाल मिळवलेली ही बाई गेले पाच महिने दुपारच्या वेळी यंत्राशी कॅरम खेळत होती, आणि तिच्या तासांची नोंद, वेगळ्या नावाने खाते उघडलेले असल्यामुळे, माझ्या चिठ्ठीत आलीच नव्हती.

"या बोर्डाला पावडर नाही, नखाला लाकूड लागत नाही," ती कुरकुरली, पण नजर पडद्यावरून हलली नाही. "नव्यावर कॅरम चालतो ना रे?"

"चालतो गं आजी, तेच कार्ड लागतं."

"मग थांब, एवढा बोर्ड होऊ दे."

गिऱ्हाईक दारात ताटकळत होते. सूनबाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला. कप घेऊन तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिला, मान वाकडी करून थोडा वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "आजी, सरळ नको मारू. डावीकडून रिबाउंड घे."

ही जरा सरकून बसली आणि त्याला पलंगावर जागा करून दिली.